मांडीवरचं विरजण

नववीच्या पहिल्या सत्रात माझा आवाज फुटला. मुलींचा फुटत नाही, मला माहीत आहे. पण माझा फुटला, आणि तोही सकाळच्या प्रार्थनेला, साडेसहाशे पोरांसमोर. दिनविशेष सांगायची पाळी माझी होती, माईक ऐन वेळी गेला, आणि बाई "राहू दे, उद्या सांग" म्हणेपर्यंत मी अख्खा दिनविशेष माईकशिवाय सांगून मोकळी झाले होते. शेवटच्या रांगेतले दहावीचे मुलगे मागे वळून बघत होते. एवढा भरदार आवाज पुढच्या त्या दोन वेण्यांच्या मुलीचा असेल असं त्यांना वाटलंच नाही.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत वर्गात माझं नाव 'म्यूट' होतं. खरं नाव शिवन्या डुबल, राहणार कराड. हजेरीला "उपस्थित" म्हणताना माझा आवाज ओठांपर्यंतही पोचायचा नाही आणि बाजूची सानिका माझ्या वतीने ओरडायची. मैत्री म्हणून ओरडायची की तिला घाई असायची, माहीत नाही.

तर ही गोष्ट त्या आवाजाची. म्हणजे खरं तर माझ्या आईची, कारण आवाज तिच्याकडून आला. वारसा वगैरे म्हणतात तसा नाही. एका रविवारी, सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान, तो तिच्या मांडीवरून माझ्या मानेवर चालत आला.

माझी आई, हर्षदा डुबल, भूकरमापक आहे. सरकारी मोजणीवाली. एका भावाचं शेत कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठून सुरू होतं हे ती सांगते. तिच्याकडे उपग्रहाशी बोलणारी एक उंच काठी असते, तिला रोव्हर म्हणतात. ती जमिनीवर टेकवली की बोटभर सुद्धा चूक होत नाही. हल्ली बरीचशी मोजणी ड्रोनच करतात. पण जिथे भांडण आहे तिथे माणूसच पाठवावा लागतो, कारण ड्रोनवर ओरडून कुणाचं समाधान होत नाही. आणि आईवर ओरडायची सहसा कुणाची हिंमत व्हायची नाही. लहानपणी मला वाटायचं की आई जमिनीला रागावते आणि मग जमीन सरळ होते.

एकोणपन्नासाव्या वर्षी तिची पाळी थांबली, आणि हळूहळू आईसुद्धा थांबत गेली. अंगातून वाफा निघायच्या, झोप तुटायची, ते सगळं तिने सोसलं असतं. पण शब्द जायला लागले. एका गावात दोन भावांच्या मध्ये उभी असताना तिला 'बांध' हा शब्द आठवेना. रोजचा, दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द. ते मातीचं, लांब, मधलं, असं ती हाताने दाखवत राहिली. धाकटा भाऊ म्हणाला, मॅडम, जरा सावलीला बसा, पाणी घ्या. तो चांगल्या मनाने म्हणाला, आणि तेच तिला लागलं. त्या दिवशी घरी येऊन ती चप्पल न काढता, रोव्हरची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. पुढच्या महिन्यात तिने टेबलावरचं काम मागून घेतलं, जुने नकाशे स्कॅन करायचं.

घरातही ती अशीच झाली. रागवायची नाही, हसायची नाही, भाजीत मीठ जास्त झालं तर "हो का" म्हणायची. रविवारचं माझं डोकं धुणंसुद्धा बंद पडलं. आमच्याकडे रविवारी मेथी-दही असतं. मेथी रात्रभर भिजत घालायची, सकाळी दह्यात वाटायची, डोक्याला थापायची, तासभर ठेवायची आणि मग धुवायचं. मी तो तासभर आईच्या मांडीवर आडवी असायची. पहिलीपासूनचा नेम होता. तो सातवीत मोडला. मी म्यूट होते.

डॉक्टर शमा बागवान आमच्याच पेठेतल्या. त्यांच्याकडे जाताना आई मला वही घेऊन बरोबर न्यायची, कारण सांगितलेलं तिच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळे माझ्या वहीत सगळं आहे. टेस्टोस्टेरॉन फक्त पुरुषांचं असतं हा गैरसमज. बायकांच्या बीजकोशात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तेही थोडं थोडं बनतं, विशीनंतर हळूहळू उतरत जातं आणि पन्नाशीपर्यंत बऱ्याच जणींत निम्म्याच्या आसपास येतं. औषध म्हणून ते ज्या एका तक्रारीसाठी खात्रीने उपयोगी आहे, ती सांगायची वेळ आली तेव्हा मला बाहेर पाणी प्यायला पाठवलं. मी माहितीपत्रक नंतर वाचलं. मला वाचता येतं. शब्द, उमेद, हिंमत यांबद्दल मात्र मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या की काही जणींना फरक पडतो, काहींना पडत नाही, आणि का ते कुणाला नीट ठाऊक नाही.

माझ्या जन्माच्या वेळी आईच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, म्हणून दुसरं हार्मोन, इस्ट्रोजेन, द्यायला मॅडम तयार नव्हत्या. टेस्टोस्टेरॉनची जेल आईने वर्षभर लावून पाहिली. ती मुळात पुरुषांसाठी बनवलेली, त्यातली वाटाण्याएवढी अंदाजाने घ्यायची. एका आठवड्यात रक्तातला आकडा आभाळात, पुढच्या आठवड्यात जमिनीवर, आणि दंडावर लाल चट्टे.

मग ते नवीन औषध आलं. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, केसांच्या मुळाशी, एक साधा जिवाणू राहतो. तो त्वचेचं तेल खातो आणि कुणाला त्रास देत नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्यात जनुकांचा एक छोटा जोड बसवला. आता तो त्वचेतल्याच कच्च्या मालापासून टेस्टोस्टेरॉन बनवतो, ते आत झिरपतं, आणि पुरेसं झालं की त्याचं त्याला कळतं आणि तो थांबतो. गोळी नाही, सुई नाही. चमचाभर मलम एकदा चोळायचं की अंगावर एक वसाहत वसते. ती दुसऱ्याच्या अंगावर पसरू नये म्हणून तिला कुलूपही होतं. तिला जगायला एक विशिष्ट अमिनो आम्ल लागायचं, जे माणसाच्या अंगावर सापडत नाही. ते फक्त कंपनीच्या लोशनमध्ये. पंधरवड्याला लोशन लावलं नाही की वसाहत उपाशी मरणार.

माझे बाबा दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहेत, दही-ताकाच्या विभागात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे विरजण की."

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव विरजण. डबीवरचं लांबलचक नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. शेजारच्या मालतीकाकूंनी तर आईला विचारलंसुद्धा, विरजणच आहे तर आम्हाला चमचाभर दे की, आम्ही घरी लावू. माहितीपत्रकात मराठीत छापलं होतं की औषध अशा जागी लावावे जी कपड्याने झाकलेली असते व जिथे घरातील इतर व्यक्तींचा स्पर्श होत नाही, उदाहरणार्थ मांडी.

आईने मांडीवर लावलं.

पाच आठवड्यांनी ती भाजीवाल्याशी भांडली. कोथिंबिरीवरून. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि मला रडू येत होतं, इतकं ते भांडण सुंदर होतं. वाक्यं पूर्ण होती. सगळे शब्द जागेवर होते. घरी येऊन ती स्वतःशीच हसली आणि बाबांना म्हणाली, चला, घाटावर फिरून येऊ, संगमावर किती दिवसांत गेलो नाही. मला बोलावलं नाही. मला चाललं.

दिवाळीनंतर तिने स्कॅनिंगचं टेबल सोडलं आणि पुन्हा मोजणीला जायला लागली. सुट्टीत एकदा मला घेऊन गेली. तेच गाव होतं, तेच दोन भाऊ. थोरला मोठमोठ्याने सांगत होता की आजोबांच्या वेळी हद्द बाभळीपाशी होती. आई काठी रोवून उभी होती. तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "काका, हद्द नकाशात असते. तुमच्या आवाजात नसते."

मागे बसलेल्या म्हाताऱ्या हसल्या. धाकट्याने, त्याच सावलीला बसा म्हणणाऱ्याने, खुणेची खुंटी आणून आईच्या हातात दिली. परत येताना आई गाडी चालवत होती, केस उडत होते, आणि मी तिच्याकडे बघून ठरवलं की मला असं व्हायचंय. नेमकं असंच.

आणि रविवार परत आले. आई सकाळीच हाक मारायची, शिवू, चल, डोकं आण. जसं काही डोकं वेगळं आणता येतं. मेथीचे डाग पडतात म्हणून ती जुना गाऊन गुडघ्याच्या वर दुमडून बसायची, मी मान टाकायची, आणि ती मेथी-दही थापता थापता आठवड्यातल्या मोजण्या सांगायची. ही विहीर कुणाची, ती वाट कुणी अडवली. मी आठवीत होते आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा हिवाळा होता. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि परत लिहिलं. ते खरंच आहे.

उन्हाळ्यात मी बदलायला लागले. कपाळावर पुळ्या आल्या, त्या सगळ्यांनाच येतात. हनुवटीवर दोन केस आले, ते मी उपटले. पाळी तीन महिने आली नाही, ते मी कुणालाच सांगितलं नाही, सुटका वाटत होती. पायांत ताकद आली, जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढायला लागले. आणि जूनमध्ये तो माईक बंद पडला. त्या दिवसापासून मला थांबवणं अवघड झालं. मी वर्गात हात वर करायला लागले, वक्तृत्व स्पर्धेत उतरले, तालुक्यात पहिली आले. सानिका म्हणाली, तू म्यूट होतीस तेव्हाच बरी होतीस. मी तिला तिच्याच हजेरीला "उपस्थित" ओरडून दाखवलं.

शाळेत दर सहामाहीला मनगटावर घामाची एक पट्टी लावतात. लोह, साखर, हार्मोन, सगळं त्यात कळतं. ऑगस्टमध्ये माझ्या पट्टीचा आकडा बघून शाळेच्या परिचारिकेने आधी पट्टी बदलली. दुसऱ्या पट्टीचाही तोच आकडा आला तेव्हा तिने आईला फोन केला.

डॉक्टर मॅडमनी मला तपासलं, घसा बघितला, पाळीचं विचारलं. मी खरं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग मॅडम आईला म्हणाल्या की तुम्ही लोशन वेळेवर लावता, हात धुता, मग हिला लागेल कसं, आणि लागलं तरी जगेल कसं. आणि सहज विचारावं तसं विचारलं, हिच्या डोक्याला काय लावता.

आई खुलली. मेथी-दह्याबद्दल तिला कुणी विचारलं की ती खुलतेच. भिजवायची किती, वाटायची किती बारीक, दही आंबट नको, तासभर मांडीवर घेऊन बसते मॅडम, दर रविवारी, हिचे केस बघा ना. मॅडमचं लिहिणं मध्येच थांबलं. आई आणखी अर्धा मिनिट बोलत होती.

आठवड्याने अहवाल आला. माझ्या डोक्याच्या कातडीवर आणि मानेवर आईचीच वसाहत होती. कंपनीने शोधून शोधून असं आम्ल निवडलं होतं जे माणसाच्या अंगावर कधी नसतं. ते मेथीच्या दाण्यात असतं. ज्यांनी ते निवडलं त्यांच्या देशात मेथी फार तर मसाल्याच्या बाटलीत असेल. ती वाटून दर रविवारी पोरीच्या डोक्यावर थापणारी बाई त्यांच्या कल्पनेत नव्हती. आणि तो जिवाणू पन्नाशीच्या कोरड्या त्वचेवर बेतलेला. माझ्या पंधराव्या वर्षाच्या तेलकट डोक्यावर त्याला एवढं खायला मिळालं की त्याचं थांबायचं कळणंच बिघडलं.

आणि मांडीचं म्हणाल तर इंग्रजीत त्याला दोन शब्द आहेत. एक अवयवाचा, एक पोराने डोकं ठेवायच्या जागेचा. मूळ माहितीपत्रकात पहिला होता. आमच्या भाषेत दोन्हीला मांडीच.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "संघात आम्ही विरजणाला बाहेरच्यापासून जपतो. बाहेरच्याला विरजणापासून जपायचं, हे मला सुचायला हवं होतं."

माझ्यावर उपाय सोपा होता. औषधी शांपू, तीन आठवडे, मेथी बंद. वसाहत जाईल, पाळी येईल, पुळ्या जातील. आवाजाचं मॅडम सांगू शकत नव्हत्या. स्वरयंत्र एकदा जाड झालं की बहुतेक तसंच राहतं. पण आईच्या अंगावर वसाहत असेपर्यंत ती, आणि तिच्याबरोबर तिला जगवणारं थोडं लोशनही, टॉवेलवरून, उशीवरून, हातावरून माझ्याकडे परत परत येणार होती, आणि माझ्या वाढत्या अंगाला ते परवडणारं नव्हतं. म्हणजे एक तर आईने विरजण पुसून टाकायचं. ते परत लागेल याची खात्री नव्हती, कारण धुतलेल्या जागेवर नेहमीचे जिवाणू ठाण मांडतात आणि नव्याला शिरू देत नाहीत. चाचण्यांत दहातल्या नऊ जणींना दुसऱ्यांदा लागलंच नव्हतं. नाहीतर आम्ही दोघींनी एकमेकींना हात लावायचा नाही. मी अठराची होईपर्यंत.

आई लगेच म्हणाली, पुसते. मी म्हणाले, नाही.

आणि मग आमच्या जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. बारावीनंतर मी शिकायला बाहेरच जाणार. हात लावायचा नाही, एवढंच ना, किती घरांत पोरी आईच्या जवळसुद्धा बसत नाहीत. आणि तू परत स्कॅनिंगला बसणार असशील तर मी कुणाकडे बघून मोठं व्हायचं? आई मध्ये बोलायला गेली की मी आवाज थोडा खाली आणायची, वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवलं होतं तसा. शेवटी ती बाबांना म्हणाली, हिला वकील करा.

मी जिंकले. तिच्या अंगावरून आलेल्या आवाजाने मी तिला हरवलं. तिला हरायचंच होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

मग आईने आमच्या घराची मोजणी केली. खरंच टेप घेऊन. सोफ्याची डावी बाजू माझी, उजवी तिची, मध्ये बाबा. टॉवेल निळे आणि पिवळे. कंगवे वेगवेगळ्या खोल्यांत. माझे कपडे बाबा धुणार आणि बाबांनी आईजवळ बसलं की हात धुऊनच माझ्याकडे यायचं. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. दारात समोरासमोर आलो की आई दोन्ही हात वर करायची, पोलिसांनी पकडल्यासारखे. माझी मेथी बंद झाली, रविवारी मी स्वतःच डोकं धुवायची, दार लावून. बाहेरून आई विचारायची, शेवटी गार पाणी घेतलंस ना.

पट्टीवरचा आकडा उतरला. सप्टेंबर संपता संपता पाळी आली. आई मोजणीला जात होती, भांडत होती, घरी येऊन सांगत होती, सोफ्याच्या उजव्या बाजूने. चाललं होतं. मी सगळ्यांना सांगत होते की चाललंय.

नोव्हेंबरात मला सणसणून ताप आला. दुपारची वेळ होती, बाबा पट्ट्या ठेवत होते, आणि आई दारात उभी होती, हात पाठीमागे बांधून. ती बाबांना सांगत होती, पट्टी पिळून घ्या, कानामागे लावा, तिथे नाही, खाली. मी तापात "आई" म्हणत होते असं बाबा सांगतात. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की तिचा फोन वाजला, कुठल्यातरी मोजणीचा, आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. आवाज खणखणीत होता.

ताप उतरला. वीस दिवसांनी साताऱ्याला जिल्ह्याची फेरी होती. तोवर माझ्या अंगात विरजणाचा कणसुद्धा उरला नव्हता, आणि मला एकच भीती होती की मी पुन्हा म्यूट होणार. माझं नाव पुकारलं तेव्हा पाय थरथरायला लागले. सातवीत थरथरायचे तसेच. ते वर्षभर विसरले होते मी. मला वाटलं, संपलं. पण मी तोंड उघडलं आणि आवाज होता. भीतीही होती आणि आवाजही होता, दोन्ही एकदम. मला माहीतच नव्हतं की असं दोन्ही असू शकतं. मी दुसरी आले.

सातारा ते कराड बसमध्ये मी चषक मांडीवर धरून बसले होते आणि आईला सांगायचं वाक्य घोकत होते. मला सांगायचं होतं की हे आता माझं आहे, तुझ्याकडून आलं असेल पण आता माझं आहे, तू काळजी करू नकोस, तुझं तुझ्याकडे ठेव.

घरी आले तर आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. गाऊन गुडघ्याच्या वर दुमडलेला. खोलीत दवाखान्यासारखा वास. तिची मांडी लाल झाली होती, घासून घासून, जशी कढई घासतात.

"ये," ती म्हणाली. "डोकं ठेव."

मी चषक खाली ठेवला. मी तिला माझ्या वहीतलं सगळं सांगितलं, दहातल्या नऊ, पुन्हा लागत नाही, तुला माहीत होतं. ती म्हणाली, माहीत होतं. मी म्हणाले की मी दुसरी आले, मी बरी आहे, मी नव्हतं सांगितलं तुला माझ्यासाठी काही करायला. खूप बोलले मी. चांगलं बोलले असेन. तिने ऐकून घेतलं, शेतातल्या त्या थोरल्या भावाचं ऐकून घेतलं होतं तसं.

"तुझ्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. "तुला ताप आला होता. तू हाका मारत होतीस, आणि मी दारात उभी होते. फोन आला आणि मी गेले. आणि मला चाललं, शिवू. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मला चाललं. विरजणामुळे की सवय झाली म्हणून, ते मला ठाऊक नाही. पण मला ती बाई नको होती."

जिल्ह्यात दुसरी आलेली मी, भाषण तिथेच सोडून खाली बसले.

मी डोकं ठेवलं. मांडी गरम होती आणि औषधाचा वास येत होता. आईने माझ्या केसांत हात घातला. चार महिन्यांनी. तिचा हात आधी जरा चुकला, कपाळ शोधत राहिला, मग सापडलं. मी तिच्यावर रागावलेली होते आणि मला तिथून उठायचं नव्हतं.

जानेवारीपर्यंत ती मोजणीला गेली. मग एका गावातून दुपारीच परत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. फेब्रुवारीत मॅडमनी दुसऱ्यांदा विरजण लावून पाहिलं, मी तेवढे दिवस मालतीकाकूंकडे राहिले. तीन आठवड्यांनी नमुना कोरा निघाला. मार्चमध्ये आई पुन्हा नकाशे स्कॅन करायला बसली. त्या दोन भावांच्या हद्दीचे दगड शेवटी दुसऱ्याच कुणीतरी बसवले. आता डबीतल्या माहितीपत्रकात एक ओळ वाढली आहे, मेथीचा वापर टाळावा. बागवान मॅडमच्या पत्रामुळे ती आली. 'उदाहरणार्थ मांडी' मात्र अजून तसंच छापलेलं आहे.

मी दहावीत गेले. मी अजून बोलते, सगळीकडे बोलते, सानिका कंटाळते. पाय थरथरतात आणि मी बोलते. मला मिळालेलं माझ्याकडे राहिलं. आईला मिळालेलं राहिलं नाही. याच्यावर मी खूप विचार केला आणि मला यात काही न्याय सापडला नाही.

गेल्या रविवारी तिने माझं डोकं धुतलं, नुसत्या दह्याने. नंतर स्वयंपाकघरात ती कोमट दुधाचं पातेलं पुढे घेऊन उभी होती, हातात चमचा. बराच वेळ उभी होती.

"शिवू, ते दे गं जरा," ती म्हणाली. "ते... दुधाला लावायचं. थोडंसं असतं आणि मग सगळंच..." तिने बोटांनी हवेत काहीतरी पसरवून दाखवलं.

मॅडमनी सांगितलंय की शब्द लगेच हातात द्यायचा नाही, तिला शोधू द्यायचा. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. तिचा चमचा हवेत तसाच होता.

"विरजण," मी म्हणाले.

"हां. तेच."

मी वाटी दिली. ती घेताना ती थोडी हसली आणि पातेल्याकडे वळली. "आवाज कसला भरदार झालाय गं तुझा," ती म्हणाली. "कुणावर गेलाय कोण जाणे."

ती चेष्टा करत होती का, ते मला तिच्या पाठीवरून कळेना. मी शेजारी जाऊन उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल अशी, आणि तिचं ढवळून होईपर्यंत झाकण हातात धरून थांबले.